इथे गाऊन चालत नाही

"गाऊन चालत नाही, मावशी," मॅनेजर म्हणाला.

आईने मान खाली घालून स्वतःच्या गाऊनकडे पाहिलं. "चालायचं काम माझं आहे," ती म्हणाली. "तो नुसता अंगावर आहे. सरक बाजूला, मला बसायचंय."

तो सरकला नाही. पंचविशीतला पोरगा होता. पांढरा शर्ट, काळी पँट, खिशावर नावाची पट्टी : महावीर मगदूम. मिरजेतल्या दवाखान्यांच्या रस्त्यावरचं हे साधं डोसा-उत्तप्प्याचं हॉटेल. आता तिथे चष्म्यांचं दुकान आहे. पण तेव्हा त्यांनी नुकतीच काच बसवली होती, आत थंड हवा सोडली होती आणि दारावर बोर्ड लावला होता.

आईला बोर्ड मोठ्याने वाचायची सवय. तिने तो वाचला. "गाऊन, लुंगी, बर्मुडा, बनियन घालून आत येऊ नये. आपले नम्र, व्यवस्थापन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रेवू, नम्र आहेत हं."

माझ्या एका हातात तिचा दंड होता, दुसऱ्यात दवाखान्यातून आणलेली बॅग. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. डिस्चार्ज मिळाला होता, पण जयसिंगपूरला न्यायला येणारी गाडी अजून यायची होती.

"आई, चल ना, दुसरीकडे बघू."

"दुसरीकडे कुठे? मला डोसा इथलाच खायचाय. अ‍ॅडमिट व्हायला आलो तेव्हापासून वास घेतेय."

ते खरंच होतं. तिच्या खोलीची खिडकी बरोबर या हॉटेलच्या मागच्या बाजूला उघडायची. रोज सकाळी तव्यावर पाणी मारल्याचा चर्र आवाज यायचा, मग लोण्याचा वास. आणि त्या वासात बसून ती मुगाची पेज प्यायची. कित्येक दिवस पेज, भाताची पेज, परत पेज. "हे दवाखान्यात नाही, हे तुरुंगात असतं," असं तिने सिस्टरला एकदा सांगितलं होतं.

त्या सकाळी डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. मी बाहेर आले तेव्हा ती बाकावर बसून माझीच वाट बघत होती.

"काय म्हणाले?"

"चांगलं आहे म्हणाले. घरी न्या. आता पथ्य नको."

"तिखट?"

"चालेल."

"तेलकट?"

"काहीही चालेल. आवडेल ते खाऊ दे म्हणाले."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मी बॅगेची चेन उघडून पुन्हा लावली.

"अरे वा," ती म्हणाली. "मग डोसा. साधा, करकरीत."

तर अशा आम्ही त्या काचेच्या दारात उभ्या होतो.

गाऊनचं कारण सोपं होतं. पोट इतकं फुगलं होतं की परकराची नाडी बांधता येत नव्हती. गाऊन मात्र स्वच्छ होता. बदामी रंगाचा, निळ्या फुलांचा, मी सकाळीच तिला घातलेला. आणि त्यावर तिने माझी चॉकलेटी ओढणी घेतली होती. गाऊनवर ओढणी घेतली की बाई तयार झाली, असा आमच्या गल्लीचा कायदा आहे. त्या वेषात बायका दूध आणतात, रेशनला उभ्या राहतात, कुणाकडे बाळ बघायला जाऊन येतात. ओढणी नसेल तर गाऊन घरातला. ओढणी आली की बाहेरचा. आईने मॅनेजरसमोर ओढणी नीट पसरून दाखवली, जणू त्याला ती दिसलीच नसावी.

"ओढणी आहे, बघ."

"ओढणीचा विषय न्हाई ओ मावशी. गाऊन म्हटल्यावर गाऊन. मालकांचा नियम हाय."

"मालक कुठेयत?"

"इचलकरंजीला."

"तिथून त्यांना माझा गाऊन दिसतो?"

तो हसला नाही, पण त्याच्या मागे गल्ल्यावर बसलेला माणूस हसला. त्या माणसाच्या डोक्यावर भिंतीत एक छोटं देवघर होतं. लाल दिवा, झेंडूची माळ, आत गणपती. आईची नजर तिकडे गेली आणि मला पुढचं कळलं. मी तिचा दंड दाबला. तिच्यावर दंड दाबण्याचा कधीच काही परिणाम होत नसे.

"मगदूम, एक विचारू का? तो वर बसवलाय, त्याच्या अंगात काय आहे?"

त्याने वळून पाहिलं. "गणपती हाय तो."

"ते मला कळलं. अंगात काय आहे? पितांबर. वर काहीच नाही. बनियनसुद्धा नाही. त्याला कसं आत घेतलंत?"

"अहो, देव हाय तो मावशी."

"मी पण त्याच वाटेवर आहे," आई म्हणाली. "थोडी सवलत दे."

गल्ल्यावरच्या माणसाने आता तोंडावर रुमाल धरला. आतली दोन-तीन टेबलं आमच्याकडे बघायला लागली. मला जमीन दुभंगावी असं झालं होतं. मी तशी शांत प्रकृतीची. आयुष्यभर पुस्तकांत डोकं घालून राहिलेली. भांडणाची वेळ आली की मी शब्द शोधत बसते आणि ते सापडेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

"पार्सल देतो की," मगदूम म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "गरम गरम बांधून देतो. चटणी जास्त घालतो."

"डोसा बांधून नेला की त्याचं घावन होतं."

"मग बाहेर खुर्ची टाकू का? सावलीला?"

"बाहेर कशाला? मी काय चपला आहे?"

मी मध्ये पडले. "अहो, आजारी आहेत त्या. आत्ताच डिस्चार्ज झालाय. पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

माझं हे बोलणं चुकलं. त्याच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसलं. त्याने आईच्या मनगटाकडे पाहिलं. दवाखान्याची प्लॅस्टिकची पट्टी अजून तिथेच होती, कापायची राहिली होती. मग पोटाकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"त्याचंच तर आहे ताई," तो मला म्हणाला, हळू, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. तिचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. "आधी सगळे यायचे. सलाईनची सुई हाताला तशीच. बेसिनवर आंघोळी करायचे. मग फॅमिली यायच्या बंद झाल्या. पेशंट बघितला की लोकांना जेवण जात न्हाई ओ. म्हणून मालकांनी गाऊन लिहिलं. पेशंट असं लिहिता येत न्हाई ना."

मी आईकडे बघितलंच नाही.

"हां," आई म्हणाली. "आत्ता बोललास खरं."

तिने माझ्या हातातून दंड सोडवून घेतला आणि दाराची चौकट धरली.

"हे बघ बाळ, मी नगरपालिकेत होते. जन्ममृत्यूच्या दाखल्यांची खिडकी. लोकांना परत पाठवणं हेच माझं काम. एक सही कमी, परत जा. नावात काना राहिलाय, परत जा. बाप गेलाय म्हणून रडत आलेला माणूससुद्धा मी परत पाठवलाय. पण तू नीट पाठवत नाहीस."

"म्हणजे?"

"परत पाठवताना माणसाला खरं कारण द्यायचं. आणि पुढची खिडकी सांगायची. इथे नाही, मग कुठे. एवढं केलं की माणूस शिव्या देत नाही. तू पहिल्यांदा गाऊन, गाऊन करत बसलास. खरं कारण आत्ता दिलंस, ते पण माझ्या मुलीला. आता पुढची खिडकी सांग. काय घातलं तर मी आत येते?"

तो गांगरला. "साडी... ड्रेस... काहीही चालतंय की. फक्त गाऊन नको."

"म्हणजे पेशंट दिसायला नको."

त्याने खिशावरची नावाची पट्टी सरळ केली.

"साडी चालेल?"

"साडी असली तर प्रश्नच न्हाई."

"बाथरूम कुठेय?"

"आई!" मी म्हणाले. "साडी कुठून आणणार? सगळे गाऊनच भरलेत मी."

"बॅगेत तळाला आहे," ती म्हणाली. "चादरीच्या खाली. वर्तमानपत्रात गुंडाळलीय."

ती बॅग मीच भरली होती. चादरीच्या खाली काही नव्हतं, निदान मी भरली तेव्हा तरी. मी तिथेच उकिडवी बसले, हात घातला आणि वर्तमानपत्राचा पुडा हाताला लागला.

बाथरूम अरुंद होतं. ओल्या फरशीला साडी लागू नये म्हणून मी ती खांद्यावर घेतली. मोतिया रंगाची सुती साडी, रामा रंगाचे काठ, पदरावर तशाच रंगाच्या रेघा. कोरी. खळ अजून तशीच होती, घडी मोडताना कागदासारखा आवाज आला. मला ती एकदम आवडली. आईकडे अशी साडी मी कधी पाहिली नव्हती.

"कधी घेतलीस?"

"घेतली."

"फॉल नाही गं लावलेला."

"नाही लावला."

हे मला नवल होतं. फॉल-पिको केल्याशिवाय नवी साडी कपाटात ठेवायची नाही, हा तिचा नेम. बिनफॉलची साडी नेसणाऱ्या बाईला ती अर्धवट समजत असे. पण तेव्हा विचारायला वेळ नव्हता. गाऊनवरून साडी कशी नेसवतात, हा प्रश्न समोर होता. मला स्वतःला नेसता येत नाही, लग्नातसुद्धा तिनेच नेसवली होती. नाडी नाही, परकर नाही, साडी खोचायची कुठे?

"ओढणी बांध," ती म्हणाली. "पोटावर नाही, वर. छातीच्या खाली. हां. आता त्यात खोच."

"कुठून सुरू करू?"

"उजवीकडून. माझ्या उजवीकडून, तुझ्या नाही. एवढी पुस्तकं वाचलीस, उजवी-डावी कळत नाही."

मी तिच्याभोवती फिरत राहिले. निऱ्या घातल्या. तिने बघितल्या आणि मोडायला लावल्या. "तोंड डावीकडे हवं. अशा उलट्या निऱ्या घेऊन गेले तर लोक हसतील." बांगडीत अडकवलेल्या पिना तिने एकेक करून काढून दिल्या. मी त्या साडीतून आरपार गाऊनमध्ये लावल्या. तिला टोचतंय का विचारलं तर म्हणाली, "सुयांची सवय झालीय."

शेवटी पदर घेतला. तिने आरशात पाहिलं. डोक्यावरचे उरलेले केस हाताने चापून बसवले. "वाईट नाही," ती म्हणाली. "रंग बरोबर निवडला."

बाहेर आलो तेव्हा मगदूम खुर्ची ओढून उभा होता. पंख्याखालचं टेबल, कोपऱ्यातलं. तिने ते नाकारलं आणि मधल्या टेबलावर बसली, सगळ्यांच्या नजरेसमोर. शेजारच्या टेबलावरची बाई तिच्या साडीकडे बघून म्हणाली, "छान आहे हो रंग." आई तिच्याकडे बघून इतकी प्रसन्न हसली की त्या बाईला आपण पेशंट बघतोय असं वाटणं शक्यच नव्हतं.

डोसा आला. करकरीत, ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मगदूमने स्वतः आणला.

"बस की," आई त्याला म्हणाली.

"ड्यूटीवर हाय मावशी."

"मग उभा राहा. पण हात मागे नको बांधूस, तेराव्याला आल्यासारखा दिसतोस."

तिने कड मोडली. चटणीत बुडवून तोंडात घातली आणि डोळे मिटले. आई जेवताना गप्प बसली असं मी पहिल्यांदाच पाहत होते. दुसरा घास, तिसरा. मग सांबारात बुडवलेला तुकडा तोंडाकडे नेताना सांबार पदरावर सांडलं. मोतिया रंगावर, छातीच्या जरा वर, बशीएवढा पिवळा डाग.

मी पाण्याचा पेला घेऊन उठले. "अगं, कोरी साडी!"

"बस खाली."

"हळदीचा डाग आहे आई, लगेच धुतला नाही तर निघणार नाही."

"नको निघू दे. बस."

मी बसले. तिने पुढचा तुकडा मोडला.

"ही आज नेसायची नव्हती," ती म्हणाली, डोशाकडे बघत. "ही नंतरची आहे."

"नंतरची म्हणजे?"

"तुला माहितेय नंतरची म्हणजे."

मला माहीत होतं. तोपर्यंत नव्हतं, पण त्या क्षणी माहीत झालं. आमच्याकडे बाई गेली की तिची शेवटची साडी माहेरची. भाऊ आणतो. माझा दिगूमामा, निपाणीचा, हार्डवेअरचं दुकान. माणूस लाखात एक, पण साड्यांच्या बाबतीत त्याचं एक तत्त्व होतं : मळखाऊ. दर भाऊबीजेला तिन्ही बहिणींना एकाच ठाणातल्या, एकाच रंगाच्या तीन साड्या. कधी शेवाळी, कधी काथ्याचा रंग, एकदा तर गंजाचा. भांडण नको आणि डाग दिसायला नको. आई आणि दोन्ही मावश्या त्या नेसून एकत्र उभ्या राहिल्या की बँडपथक आल्यासारखं वाटायचं.

"जन्मभर त्याच्या पसंतीच्या नेसले," आई म्हणाली. "त्याला वाईट वाटू नये म्हणून. पण निघतानासुद्धा काथ्याच्या रंगाची? नाही बाई. म्हणून मीच घेऊन ठेवली. शेजारच्या कमलला पाठवलं दुकानात. ती भेटायला आली होती ना, तेव्हा चादरीखाली सरकवली."

"आणि फॉल?"

"आडवं नेसायच्या साडीला फॉल कशाला? उगाच खर्च."

मला हसू आलं. खरंच आलं, आणि त्यात नाकातून पाणी. मी टेबलावरचा कागदी रुमाल घेतला. ती शांतपणे खात होती.

"तुला डॉक्टरांनी सांगितलं?" मी विचारलं.

"त्यांनी कशाला सांगायला हवं? पथ्य नको म्हणाले ना? मी खिडकीत बसून वर्षं काढलीयत, रेवू. कुठल्या माणसाच्या हातात कुठला कागद आहे ते मला चालीवरून कळायचं. तू त्या खोलीतून बाहेर आलीस तेव्हाच कळलं." तिने चटणी संपवली. "तू पण नीट सांगत नाहीस. खरं कारण द्यायचं असतं."

अर्धा डोसा उरला. तिला त्याहून जास्त जाणं शक्य नव्हतं. मगदूम ताट उचलायला आला आणि उरलेला अर्धा बघून त्याचा चेहरा पडला.

"आवडला न्हाई मावशी?"

"फार आवडला. पोट भरलं." ती टेबलाला धरून उठली. दारापाशी थांबून तिने बोर्डाकडे बोट केलं. "ते 'आपले नम्र' तेवढं काढून टाका. बाकी तुमचं तुम्ही बघा."

ती गेली तेव्हा पावसाळा अजून सुरू व्हायचा होता. पहाटे गेली, घरीच, मी शेजारी होते. साडी मी धुऊन ठेवली होती. डाग फिकट झाला होता, गेला नव्हता. बायका जमल्या तेव्हा मी म्हटलं, नेसवते मीच. सुरुवात तिच्या उजवीकडून. निऱ्यांचं तोंड डावीकडे. आडवं नेसवताना ते कठीण असतं, पण मी नीट केलं. कमलताईने डाग पाहिला आणि पदर उलटा घेऊ का, म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

दहाच्या सुमारास दिगूमामा निपाणीहून आला. अंगणात गाडीतून उतरला, डोळे सुजलेले, काखेत साडीचं खोकं. आत यायला निघाला आणि मी दारात आडवी उभी राहिले. माझ्या मागे बायका कुजबुजायच्या थांबल्या.

"मामा," मी म्हणाले, "ही साडी चालणार नाही."

त्याला कळलंच नाही. "अगं, माहेरची आहे. माहेरचीच लागते."

"माहीत आहे. पण तिला तुमच्या साड्या आवडायच्या नाहीत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. एखाद्याला चुकून पायरीवरून ढकलावं तसा दिसला. मला वाटलं आता रडेल, किंवा ओरडेल.

"कधीच?" त्याने विचारलं.

"कधीच नाही. तिने स्वतःच घेऊन ठेवली होती. नेसवलीय मी. ही तुमची मला द्या मामा. तेराव्याला मी नेसेन. मला कुणी नेसवायला लागेल, पण नेसेन."

मग त्याने खोकं माझ्या हातात दिलं. झाकणाच्या फटीतून रंग दिसला. ओल्या मातीचा.

मी बाजूला झाले. तो आत गेला, तिच्याजवळ खाली बसला. बराच वेळ साडीकडे बघत राहिला, काठ हातात धरून पाहिला. मग त्याचं बोट पदरावर थांबलं.

"हा कशाचा डाग गं?"

"सांबाराचा."

"सांबाराचा?"

"डोसा खाताना सांडलं. मिरजेत. डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी."

"खाल्ला का पण तिने?"

"अर्धा."

"मसाला?"

"साधा. करकरीत."

त्याने मान हलवली. डोळे पुसले, आणि त्या डागावरून एकदा हात फिरवला, पुसला जातो का बघावं तसा.

"तरी मी सांगत होतो," तो म्हणाला, मला नाही, तिला, "मळखाऊ घेत जा म्हणून."